दारची पानफुटी

पेणच्या आमच्या घरी विहिरीच्या दगडी काठाशी पानफुटीचा एक ताटवा आहे. त्याची निगा कोणी राखलेली नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर तो आपला वाढतो. माघाच्या सुमारास उंच दांड्यांवर हिरवट-तांबूस फुलांची झुंबरे लोंबू लागली, म्हणजे घरातील मंडळींचे तिकडे लक्ष जाते. मुलांना मात्र ती बारमाही प्रिय. पान तोडून दोऱ्याने भिंतीवर टांगावे, की काही दिवसांत कडेच्या खाचांतून इवली रोपे मुळांसह डोकावू लागतात. माती नको, पाणी नको. मांसल पानातच त्यांची शिदोरी असते.

रोह्याच्या शाळेत शिक्षक असताना हे पान वर्गात दाखवून आम्ही मोठ्या ऐटीने सांगत असू, की चरक-सुश्रुतांनी मूतखड्यावर सांगितलेला पाषाणभेद तो हाच. संस्कृताचा थोडाफार अभ्यास होता, त्यामुळे या बोलण्यास वजनही येई. आमच्याच शब्दावर विसंबून एका स्नेह्यांनी कित्येक आठवडे या पानांचा रस घेतला. कळा वाढत गेल्या. अखेर शस्त्रक्रियेने खडा काढावा लागला. ‘उशीर केलात,’ असे डॉक्टर म्हणाले. स्नेही आम्हांस एका शब्दाने बोलले नाहीत. तेच अधिक लागले.

पुढे आम्ही नीट चौकशी केली. आज पाषाणभेद म्हणून जी वनस्पती प्रमाण मानतात, ती हिमालयातील असून अगदी निराळी. पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची. ती ज्या कलांचो गणातील आहे, त्याच्या शंभराहून अधिक जाती असून बहुतेक त्या बेटावर व पूर्व आफ्रिकेत आढळतात. परदेशातून आलेल्या या पाहुणीस आपल्याकडे कित्येक ठिकाणी जुन्या ग्रंथांतील नाव चिकटले, इतकेच. ‘पर्णबीज’ हे नाव तिला खरे शोभते.

तिचे खरे नवल निराळेच आहे. मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी 1813 साली एका पत्रात लिहिले, की हिचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी कडवट लागते. याचे मर्म पुढे उलगडले. भर उन्हात पानाची सूक्ष्म छिद्रे उघडी राहिली, तर पाणी उडून जावे. म्हणून ही वनस्पती ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड वायू आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते. सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. दिवसा छिद्रे मिटून त्याच साठ्यातून ती आपले अन्न करते.

हल्ली रोपवाटिकांत लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचा जो ठेंगणा कलांचो मिळतो, तो हिचाच भाऊबंद. दुसऱ्या एका जातीच्या पानांच्या कडांवर तर झाडावर असतानाच रोपांची झालर लागते. या गणातील अनेक जातींत, विशेषतः फुलांत, हृदयास अपायकारक द्रव्ये असतात. ती खाऊन ऑस्ट्रेलियात गुरे दगावली आहेत. पानफुटीही त्यास अपवाद नाही.

तेव्हा वाचकांनी घरच्या मुलांसाठी एक पान भिंतीवर अवश्य टांगावे. रस मात्र वैद्यास विचारल्यावाचून पोटात घेऊ नये. आणि एखाद्या मास्तरांच्या शब्दावर तर मुळीच नव्हे.