आवाजाची जागा

स्वतःची गीते स्वतः लिहून, त्यांना चाल लावून, ती स्वतःच गाणाऱ्या कलावंताला पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात 'सिंगर-साँगरायटर', म्हणजे गीतकार-गायक म्हणतात. आणि असा कलावंत एखाद्या दिवशी गिटार बाजूला ठेवून भरगच्च वाद्यमेळाचा नवा अल्बम घेऊन आला, की त्याच्या जुन्या श्रोत्यांत बहुधा फूट पडते. एका गटाला त्यात कलावंताची वाढ दिसते, तर दुसऱ्याला आपल्याशी एकांतात बोलणारा माणूस अचानक सभागृहात जाऊन बोलू लागल्यासारखे वाटते. हा वाद वरवर पाहता वाद्यांच्या संख्येचा भासतो, परंतु तो खरोखर कशाचा असतो, हे समजून घेण्यासाठी कॅनडाचे कवी आणि गायक लेनर्ड कोहेन यांच्या १९७७ साली आलेल्या 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन' या अल्बमइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'निर्माता' म्हटले की चित्रपटासाठी पैसा उभा करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील निर्माता मात्र निराळा असतो. कोणते वादक बोलवायचे, गायकाने किती वेळा गायचे, त्यांतले कोणते गायन ठेवायचे आणि अखेरीस कोणता आवाज किती मोठा ऐकू यायचा, हे तो ठरवतो. यातल्या शेवटच्या कामाला 'मिक्सिंग', म्हणजे निरनिराळे मुद्रित झालेले आवाज एकमेकांत मिसळून त्यांचे प्रमाण ठरवणे, असे म्हणतात. गायक श्रोत्याच्या कानाशी बसला आहे की खोलीच्या पलीकडच्या भिंतीजवळ उभा आहे, हा भास प्रामुख्याने मिक्सिंगमध्ये निर्माण होतो, आणि म्हणूनच श्रोत्यांच्या राग-लोभाचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

कोहेन यांचा जन्म १९३४ साली मॉन्ट्रियल शहरात झाला. गायक म्हणून पुढे येण्यापूर्वी ते कवी आणि कादंबरीकार म्हणून कॅनडात परिचित होते. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९५६ साली प्रसिद्ध झाला होता आणि पहिला अल्बम, 'साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन', आला तो १९६७ च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी वयाची तेहेतीस वर्षे पूर्ण केल्यानंतर. निर्मितीचा झगडा या पहिल्याच अल्बमपासून सुरू झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. निर्माते जॉन सायमन यांनी गाण्यांभोवती तंतुवाद्ये, स्त्रीस्वर आणि इतर वाद्ये रचली होती, कोहेन यांना त्यातले बरेचसे गोड आणि मऊ वाटत होते, आणि त्या काळच्या चार-मार्गी फितीवर एकाच मार्गावर एकत्र मुद्रित झालेले आवाज वेगळे काढणे शक्य नसल्यामुळे नको असलेली काही वाद्येही तशीच राहून गेली. तरीही ब्रिटनमध्ये त्या अल्बमने विक्रीच्या यादीत तेरावे स्थान मिळवले. श्रोत्यांना ती तंतुवाद्ये खुपली नाहीत, कारण ती आवाजाच्या मागे राहिली. शब्दांवर त्यांनी सावली धरली नाही.

पुढचा 'साँग्ज फ्रॉम अ रूम' हा १९६९ चा अल्बम बॉब जॉन्स्टन यांनी नॅशव्हिल येथे केला. गिटार, थोडेसे ऑर्गन, मध्येच आपल्या मोरचंगासारखे दातांशी धरून वाजवायचे छोटे वाद्य आणि त्यांच्या मधोमध तो खर्जातला, मर्यादित पल्ल्याचा आवाज, एवढ्यावर तो उभा आहे. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला. एका खोलीत, एका माणसाने, एकाच श्रोत्यासाठी गावे अशी जी प्रतिमा कोहेन यांच्या नावाशी जोडली गेली, तिला या अल्बमच्या नावानेही हातभार लावला. साधेपणा हीदेखील निर्मितीच असते, हे मात्र श्रोता सहज विसरतो: कोणते वाद्य नको, हे ठरवायलाही निर्मात्याचाच कान लागतो. त्यानंतर १९७१ साली आलेल्या 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' मध्ये पॉल बकमास्टर यांनी व्हायोलिन आणि चेलो यांचे गडद, अस्वस्थ करणारे संयोजन केले होते, आणि तो अल्बम तर कोहेन यांच्या निष्ठावंत श्रोत्यांना आजही विशेष जवळचा वाटतो. तेव्हा या श्रोत्यांना समृद्ध वाद्यमेळाचेच वावडे होते, असे म्हणणे टिकत नाही.

या पार्श्वभूमीवर 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन'चे निर्माते म्हणून फिल स्पेक्टर आले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'वॉल ऑफ साउंड', म्हणजे 'ध्वनीची भिंत', या नावाने प्रसिद्ध झालेली शैली त्यांनी घडवली होती. एका गिटारऐवजी तीन-चार गिटारी, एका पियानोऐवजी दोन-तीन पियानो एकाच वेळी एकच सुरावट वाजवीत, आणि तो सगळा कल्लोळ लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओतील 'इको चेंबर'मध्ये सोडला जाई. इको चेंबर म्हणजे कठीण भिंतींची रिकामी खोली. तिच्यात ध्वनिक्षेपकातून आवाज सोडायचा, त्याचा घुमारा दुसऱ्या मायक्रोफोनने टिपायचा आणि मूळ ध्वनीत पुन्हा मिसळायचा. त्यामुळे कोणते वाद्य कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे कळेनासे होऊन सारे मिळून एकच प्रचंड वाद्य वाजत असल्याचा भास होतो. द रॉनेट्स या गायिकांच्या गटाचे १९६३ चे 'बी माय बेबी' हे या शैलीचे नमुनेदार गाणे होय. ती भिंत भेदून पलीकडे जाईल असा टोकदार, तरुण, उंच स्वर तेथे गायिकेजवळ होता. कोहेन यांच्याजवळ तसला स्वर नव्हता. त्यांचे सामर्थ्य कुजबुजीच्या जवळ जाणाऱ्या उच्चारात होते.

कोहेन आणि स्पेक्टर यांच्या या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. शब्द कोहेन यांचे, चाली मुख्यतः स्पेक्टर यांच्या. स्टुडिओत वादकांची गर्दी होती, एका गाण्याच्या कोरसमध्ये बॉब डिलन आणि कवी ॲलन गिन्झबर्ग यांचेही आवाज आहेत. मुद्रणाच्या काळात स्टुडिओत मद्य आणि शस्त्रे यांचा वावर होता आणि स्पेक्टर यांनी एकदा आपल्या मानेला पिस्तूल लावले होते, असे कोहेन यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितले. परंतु अल्बमच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती दुसरी गोष्ट. कोहेन यांनी गायलेले बरेचसे गायन हे 'गाइड व्होकल' होते, म्हणजे वादकांना गाण्याचा अंदाज यावा म्हणून केलेले कच्चे गायन, जे एरवी नंतर नीट गाऊन बदलले जाते. ते बदलण्याची संधी त्यांना मिळाली नाही. फिती स्पेक्टर यांच्या ताब्यात राहिल्या आणि मिक्सिंग त्यांनी कोहेन यांच्याविना पूर्ण केले.

अल्बम बाहेर आल्यावर उमटलेल्या मतांत संतापाचा सूर मोठा होता. ज्यांनी कोहेन यांचे शब्द कवितेसारखे ओळ थांबवून ऐकायची सवय लावून घेतली होती, त्यांना येथे शब्द शोधावे लागत होते. तालवाद्ये, सॅक्सोफोन आणि स्त्रीस्वरांचा थवा यांच्या मागे कवी दूर कुठेतरी, काहीसा दमलेला आणि क्वचित बेसूर ऐकू येत होता. खुद्द कोहेन यांनीही त्या काळात अल्बमविषयीची नाराजी लपवली नाही, आणि कवीच्याच साक्षीमुळे रागावलेल्या श्रोत्यांना बळ मिळाले, हेही खरे आहे. कलावंताने आपल्याच कृतीला नाकारले, की तिच्या बाजूने बोलू इच्छिणारा श्रोता एकटा पडतो.

असे श्रोते तरीही होते, आणि काळाबरोबर ते वाढत गेले. त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. ही गाणी मोडलेल्या संसाराची, ओसरत चाललेल्या पुरुषी आकर्षणाची आणि त्यातून येणाऱ्या लाजिरवाण्या एकटेपणाची आहेत. अशा माणसाभोवती मेजवानीचा गोंगाट चालू असावा आणि त्यात त्याचा आवाज बुडत जावा, यातच त्या गाण्यांचा अर्थ पुरा होतो, असे ते मानतात. नऊ मिनिटांहून लांब असलेले शीर्षकगीत शांतपणे ऐकले, तर या मताला आधार मिळतो: संथ लयीत वाद्यमेळ पसरत जातो आणि गायक त्याच्याशी झुंजण्याऐवजी त्यात वाहत जातो. 'मेमरीज' या गाण्यात शाळकरी वयातल्या नृत्याच्या संध्याकाळची आठवण आहे, आणि त्या वयाचे संगीत ज्या भडक थाटात वाजत असे तोच थाट स्पेक्टर यांनी तेथे उभा केला आहे. तो बेगडी वाटला तरी त्या आठवणीला शोभतो. मात्र हा युक्तिवाद साऱ्या अल्बमला पुरत नाही. काही गाण्यांत गोंगाटाला अर्थ आहे, काही गाण्यांत तो केवळ गोंगाट आहे, आणि कच्चे गायन हे कच्चेच राहते. कवीची असहायता गाण्यात व्यक्त होणे निराळे, आणि कवीला स्वतःचे गाणे पुरे करू न देणे निराळे. श्रोत्यांचा पहिला संताप बहुधा या दुसऱ्या अन्यायाला उद्देशून होता, जरी तो व्यक्त झाला सॅक्सोफोनविरुद्ध.

याच्या उलट, कोहेन यांचीच गाणी घेऊन गायिका जेनिफर वॉर्न्स यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'फेमस ब्लू रेनकोट' हा अल्बम केला. त्यात वाद्यांची रेलचेल आहे, ध्वनी इतका झळाळता की उंची ध्वनियंत्रे पारखून घेणारे रसिक तो मुद्दाम लावून पाहतात. पण प्रत्येक शब्द स्वच्छ समोर येतो, आणि त्या अल्बमने कोहेन यांना नवे श्रोतेच मिळवून दिले. १९८८ मध्ये कोहेन यांनी 'आय ॲम युअर मॅन' हा अल्बम काढला, तेव्हा गिटारची जागा सिंथेसायझरने, म्हणजे विद्युत्संकेतांतून स्वर घडवणाऱ्या वाद्याने घेतली होती. जुन्या श्रोत्यांना धक्का बसावा असाच हा बदल होता, परंतु तोवर आणखी खोल गेलेला कोहेन यांचा आवाज कानाशी येऊन बोलत होता, त्यामुळे युरोपात तर त्याचे जोरदार स्वागत झाले.

कोहेन यांच्या आयुष्याचा एक धागा मुंबईशीही जोडलेला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील झेन मठातून बाहेर पडल्यावर, ते अद्वैताचे भाष्यकार रमेश बाळसेकर यांची प्रवचने ऐकण्यासाठी मुंबईत येऊन राहिले होते. बँकेत मोठ्या पदावर काम केलेले बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, आणि महाराजांचे मराठी बोलणे परदेशी जिज्ञासूंसाठी इंग्रजीत मांडणाऱ्यांपैकी एक. त्या मुक्कामांच्या काळानंतर, २००१ साली, आलेला 'टेन न्यू साँग्ज' हा अल्बम शॅरन रॉबिन्सन यांनी बव्हंशी यंत्रस्वरांवर रचला. कित्येकांना त्याची पार्श्वभूमी फिकी वाटते. तरीही त्यावर आवाज हरवल्याचा आरोप सहसा होत नाही.

अखेरच्या दोन अल्बमांत हा जुना प्रश्न पुन्हा आला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी आलेल्या 'यू वाँट इट डार्कर' मध्ये मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम या त्यांच्या कुटुंबाच्या यहुदी प्रार्थनामंदिराचा गायकवृंद आहे. पाठीच्या दुखण्यामुळे कोहेन यांना घराबाहेर पडणे कठीण झाले होते, म्हणून त्यांचे गायन घरीच मुद्रित झाले, आणि गायकवृंद कितीही भव्य असला तरी त्या आवाजातला श्वासही ऐकू येतो. त्यानंतर मागे उरलेल्या, बहुतांशी सुट्या आवाजांभोवती त्यांचे पुत्र ॲडम कोहेन यांनी वाद्ये रचून २०१९ मध्ये 'थँक्स फॉर द डान्स' पुरा केला. त्यात बार्सेलोनाचे वादक हाविएर मास यांनी खुद्द कोहेन यांची गिटार वाजवली आहे. १९७७ साली आपल्या अपुऱ्या गायनाचे काय झाले ते पाहायला कोहेन जवळ नव्हते, आणि २०१९ मध्ये तर ते हयातच नव्हते. परंतु या वेळी अपुरे गायन आधी समोर ठेवले गेले, मग एकेक वाद्य त्याच्या मागे येऊन बसले.