आपला डॉक्टर कसा निवडावा?

घराजवळचा दवाखाना सोयीचा खरा, पण तेवढ्यावर डॉक्टर ठरवू नये. आधी पाटी नीट वाचा. एमबीबीएस म्हणजे ॲलोपॅथी, बीएएमएस आयुर्वेद आणि बीएचएमएस होमिओपॅथी. एमडी ही पदवी मात्र तिन्ही शाखांत असते, म्हणून ती कोणत्या शाखेतली हे विचारून घ्यावे. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असावा.

मग आपली गरज पाहा. सर्दी-तापापासून मधुमेह, रक्तदाबापर्यंत बहुतेक तक्रारींना फॅमिली डॉक्टर पुरतो. वर्षानुवर्षे तोच डॉक्टर असला की कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, वडिलांना हृदयविकार होता का, हे त्याला नव्याने सांगावे लागत नाही. तज्ज्ञाकडे कधी जायचे हेही तोच सांगू शकतो. घरात वृद्ध असतील तर दवाखाना जिना चढून आहे का, डॉक्टर घरी येतात का, रात्री फोन उचलतात का, हे आधीच विचारावे.

पहिल्या भेटीत डॉक्टर आपले बोलणे पुरते ऐकून घेतात का, तपासणी कशासाठी हे समजावतात का, याकडे लक्ष द्या. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे म्हटल्यावर ते चिडत असतील, तर विचार करा.

दाखल व्हायची वेळ आलीच, तर महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती वाचायला संकोचू नका.