बुडबुड्याचा तडाखा

आमच्या आबांचं मालवणात पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ते नौदलात होते आणि १९७१च्या युद्धात जहाजाच्या सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, त्यांची ड्युटी असे. त्यामुळे त्यांच्या गोष्टींत राजाराणी कधीच नसत. पाणी असे, लोखंड असे आणि आवाज असे.

"पाणबुडी दिसत नाही, ऐकावी लागते," आबा सांगत. "पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १९४ जण गेले. त्यानंतर कानावरचा हेडफोन काढायला मन धजेना. पण झिला, किनारा जवळ आला की ऐकण्याची पंचाईत. तापल्या तेलात मोहरी पडावी तसं सगळं पाणी तडतडायचं!"

"कोण तडतडायचं, आबा?"

"बोटभर कोळंबी!"

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलालाही या आवाजाने हैराण केलं होतं. कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी माग काढला, तेव्हा चोर सापडला तो हा: पिस्टल श्रिंप. उथळ, उबदार समुद्रात, खडकांच्या आणि प्रवाळांच्या फटींत हिची वस्ती. एक डेंगा साधा, तर दुसरा अवाढव्य, जवळजवळ निम्म्या अंगाएवढा. तो मिटला की लहानसहान भक्ष्य जागीच गार होतं. हजारो कोळंब्यांचा हा कल्ला रात्रंदिवस चालू असतो. त्याच्या आड पाणबुडीसुद्धा लपू शकते.

"म्हणजे ती डेंगा आपटते, त्याचा आवाज?" मी विचारलं.

"शास्त्रज्ञही बरीच वर्षं तसंच समजत होते. २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या मंडळींनी अतिवेगवान कॅमेरा लावून पाहिलं. डेंगा मिटतो, त्यातला दट्ट्या खाचेत शिरतो आणि पाण्याची चिळकांडी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने बाहेर उडते. इतक्या वेगात पाण्याचा दाब उतरतो आणि डेंग्यापुढे एक बुडबुडा धरतो. तो मिटतो, तेव्हा ठो! आवाज डेंग्याचा नाही, बुडबुड्याचा."

"इतकुशा बुडबुड्यात एवढा जोर?"

आबा उठले. भंगाराच्या डब्यातून त्यांनी पंपाचा एक पितळी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, काढून माझ्या हातात दिला. पात्यांच्या कडा कुरतडलेल्या, पृष्ठभागावर खड्डेच खड्डे. बोट फिरवलं तर खरखर लागत होतं.

"हे गंजणं नव्हे. एका बागायतदाराच्या विहिरीवरचा आहे. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हची जाळी कचऱ्याने चोंदली होती. पंप जोर लावून ओढतो, पण पाणी पुरेसं येत नाही. मग इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका पडतो की थंड पाणीही तिथल्या तिथे उकळतं. वाफेचे बुडबुडे धरतात. थोडं पुढे दाब वाढला की क्षणात मिटतात. चारी बाजूंचं पाणी त्या पोकळीत घुसतं आणि सगळा मार एका टिंबावर बसतो. असे लाखो मार बसले की पितळ काय, पोलादही खचतं."

जहाजाच्या पंख्यालाही हाच रोग. त्याने ब्रिटिश नौदलाचे पंखे इतके खाल्ले की लॉर्ड रॅले यांनी बुडबुडा मिटताना किती दाब उठतो याचं गणित मांडलं, ते १९१७ साली. कोळंबीच्या बुडबुड्याची मोजणी मात्र २००१ साली झाली. तो मिटताना क्षणभर उजेड पडतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. आतलं तापमान तेव्हा ४७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश!

"आणि तो मोठा डेंगा तुटला तर?"

"तर दुसऱ्या बाजूचा धाकटा डेंगा वाढून बंदूक होतो आणि तुटल्या जागी नवा छोटा उगवतो. तिला माझ्यासारख्या मिस्त्रीची गरज नाही," आबा हसले.

पंपाला मात्र आहे. त्याचं पातं पुन्हा उगवत नाही. म्हणून विहिरीवरच्या पंपात खडे पडल्यासारखी खडखड ऐकू आली, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी मोटर बंद करा आणि फूट व्हॉल्व्हची जाळी वर काढून साफ करा.