बाळाचा मेंदू घडतो कसा?

वार्षिक अहवालात रुग्णसेवेचा आढावा व जमाखर्च यांच्या जोडीला एका आरोग्यविषयाची माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा बालकाच्या मेंदूचा विषय निवडण्यास आमच्या बालरुग्ण विभागात वारंवार कानी पडणारे एक वाक्य कारणीभूत झाले. दोन-अडीच वर्षांचे मूल अद्याप बोलत नाही, आणि सोबत आलेली आजी सांगते, "याचा मामाबी उशिराच बोलला होता जी." आजीचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. परंतु कधी कधी त्याच्या आड मुलाचे बहिरेपण दडलेले असते, आणि वाट पाहण्यात गेलेली वर्षे भरून काढणे अतिशय कठीण जाते. असे का होते, हे मेंदूच्या वाढीकडे पाहिल्यावर उमगते.

पहिली सहा वर्षे

नवजात बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचते. मेंदूतील बहुतेक पेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर झपाट्याने वाढतात त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या जोडण्या. पहिल्या काही वर्षांत त्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक निर्माण होतात. पुढे, शेतात दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करावी, तशी त्यांची विरळणी होते. ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या गळून जातात.

बाळाच्या कानी शब्दच पडले नाहीत, तर मेंदूतील भाषेच्या जोडण्या पक्क्या होण्याची संधी हुकते. म्हणूनच श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारास प्रारंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा वैद्यकशास्त्राचा आग्रह आहे. गरोदर माता व बालक यांना लोह, आयोडीन आणि प्रथिने पुरेशी मिळणे हेही याच कारणाने आवश्यक ठरते.

मूल विचार कसे करते?

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी साध्या प्रयोगांनी दाखवून दिले. दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्यावे व मुलासमोरच एकातील पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतावे. चार वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्यात पाणी जास्त आहे, असे सांगते. सात-आठ वर्षांचे मूल मात्र पाणी तेवढेच असल्याचे ओळखते. पहिल्याची बुद्धी कमी नाही. त्याचा विचार वेगळ्या टप्प्यावर आहे. पियाजे यांच्या कल्पनेपेक्षा तान्ह्या बाळांना अधिक कळते, असे पुढील संशोधनात दिसून आले. तरीही मूल वस्तू हाताळून, प्रयोग करून स्वतःचे ज्ञान स्वतः रचते, हा त्यांचा मुख्य विचार टिकून आहे.

पियाजे यांच्याच जन्मवर्षी जन्मलेले रशियाचे लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी त्यास दुसरी बाजू जोडली. मूल आज जे मोठ्यांच्या मदतीने करते, ते उद्या एकट्याने करू लागते. आजीजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलणारे, "एक, दोन, तीन" म्हणत दाणे वाटीत टाकणारे मूल हेच करीत असते.

आपल्या मातीतील प्रयोग

हे विचार गोरगरिबांच्या मुलांपर्यंत नेणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) विवाहानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती; त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील धारणीचाही समावेश होता.

घरी काय करावे?

बाळाशी बोलावे. आपल्या वऱ्हाडी बोलीतच बोलावे, आणि ते हुंकार देईल तेव्हा थांबून ऐकावे. अंगाई, गोष्ट, लपाछपी, वाटी-चमचा यांची सर महागड्या खेळण्यांस येत नाही. दोन वर्षांच्या आतील मुलास मोबाईल वा दूरचित्रवाणीसमोर बसवू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते व बाळ आजी-आजोबांजवळ असते. म्हणून तपासणीस येताना त्यांनाही सोबत आणावे, अशी आमची विनंती आहे.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे :

• मोठ्या आवाजाने बाळ दचकत नाही.
• तीन महिन्यांचे झाले तरी ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नाही.
• नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसत नाही.
• दीड वर्षापर्यंत चालत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही.
• आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात करीनासे झाले आहे.

यांतील प्रत्येक लक्षण आजाराचेच असते असे नाही. तपासणीत सारे ठीक निघाले, तर एका दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. परंतु दोष असून तो राहून गेला, तर बालपणच बुडते.

रुग्णालयात खेळण्यांचा कोपरा कशासाठी, असा प्रश्न काही हितचिंतक दाते प्रेमाने विचारतात. आजारी मुलाचाही मेंदू वाढतच असतो, हे त्याचे उत्तर आहे. त्या कोपऱ्यातील ठोकळे व चित्रपुस्तके आम्ही औषधांइतकीच आवश्यक मानतो. आपल्या दानातून ती आली.