साथ, शेत आणि घरची बाई



१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली. पावसाळा सरताना ती दुप्पट जोराने उलटली आणि मुंबई इलाख्यातील गावेच्या गावे तापाने फणफणली. पावसानेही त्या वर्षी दगा दिला होता. सुगी आणि रब्बीची पेरणी तोंडावर असताना अंथरुणाला खिळली ती वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे. धान्य कडाडले.

हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या. आजाऱ्याची उसाभर त्यांच्याकडे, आणि टंचाईत सर्वांच्या मागून उरेल ते खाणेही त्यांच्याच वाट्याला, हे त्याचे एक कारण मानतात.

२०२० च्या कोरोनात सरकारने गरीब कुटुंबांना शिधापत्रिकेवर माणशी दरमहा पाच किलो धान्य मोफत दिले. तो माणशी हिशेब चुलीपाशी किती पाळला गेला, हे आपापल्या घरी विचारून पाहावे.