अठ्ठावीस सेंटिमीटरचा सेंच्युरियन

रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं जगभर बहुतेक १:३५ या प्रमाणात मिळतात. हा पस्तीसचा आकडा कुणा इंजिनियरनं हिशेब मांडून काढलेला नाही, तो ठरवला बॅटरीच्या सेलनं! जपानमध्ये शिझुओकाच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा किट काढला. तो मोटरवर पळायला हवा होता, म्हणून पोटात मोटर आणि सेल मावतील एवढी बॉडी केली. नंतर मोजून पाहिलं तर प्रमाण निघालं १:३५. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं.

गिरगावच्या पोरांना प्रमाणाची ही भानगड लहानपणीच कळते. दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला उभा राहतो, त्यावर मावळे मांडले जातात, आणि एखादा मावळा बुरुजाच्या डोक्यावरून वर निघाला की गॅलरीतून कुणीतरी काका हमखास ओरडतात. रणगाड्याचं मॉडेल करणाऱ्याचा अर्धा वेळ याच कामात जातो. भारतीय लष्कराचा सेंच्युरियन तोफेसकट साधारण ९.८ मीटर लांब, म्हणजे टेबलावर २८ सेंटिमीटर. पाच फूट आठ इंचाचा जवान पाच सेंटिमीटरलाही थोडा कमीच. तोफेचं तोंड ८४ मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलवर २.४. ड्रिलचा बिट तीनचा लावलात तर त्या तोफेला खऱ्या जगात १०५ मिलिमीटरचं तोंड पडलं, म्हणजे दुसरीच तोफ झाली! अर्ध्या मिलिमीटरनं इतिहास बदलतो तो असा.

आधी नाव विचारा

‘मी सेंच्युरियन करतोय’ हे उत्तर पुरत नाही. कुठल्या रेजिमेंटचा, कुठल्या दिवशीचा? आपल्या रणगाड्यांना नावं असतात आणि त्या नावांच्या मागे लागलं की दोन-दोन युद्धं सापडतात.

‘खुशाब’ हेच बघा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स रेजिमेंटचे कमांडर लेफ्टनंट कर्नल आर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांचा हा सेंच्युरियन. तारापोर जन्मानं मुंबईकर, १८ ऑगस्ट १९२३ चे. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि इनामातल्या तारापोर गावावरून घराण्याला आडनाव मिळालं, असं सांगतात. आणि खुशाब? ते इराणमधलं रणांगण. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी तिथं मुंबई लष्कराच्या घोडदळानं इराणी पायदळाचा चौकोन फोडला होता. रेजिमेंटच्या पूर्वसुरींनी घोड्यांवरून मिळवलेलं नाव शंभर वर्षांनी पोलादावर रंगवलं गेलं.

मॉडेलवाल्यासाठी इथं एक मोठी खूण आहे. तारापोर ११ सप्टेंबरला जखमी झाले, मागे जायला त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबरला वीरमरण आलं. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटनं शत्रूचे सुमारे साठ रणगाडे उडवले आणि स्वतःचे नऊ गमावले, अशी नोंद आहे. एवढे दिवस लढणारा ‘खुशाब’ शोरूममधून काढल्यासारखा चकचकीत रंगवायचा नसतो. चिखल चाकांच्या आत, धूळ टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर), तोफेच्या तोंडाशी काजळी. त्या माणसाचा तेवढा मान राखायलाच हवा.

कोर्स नगरला, रणगाडाही नगरलाच

दुसरं नाव ‘फामागुस्ता’. नंबर जेएक्स २०२. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन, रेजिमेंट तीच, पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, रणगाडा पेटलेला असतानाही तो सोडून द्यायला त्यांनी नकार दिला. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा खेत्रपाल अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत होते. तिथूनच ते आघाडीवर गेले आणि जाताना सामानात गोल्फच्या काठ्याही घेतल्या. युद्धानंतर ‘फामागुस्ता’ दुरुस्त झाला आणि आज तो नगरमध्येच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये, जतन केलेला आहे. ज्या गावात शिकायला आले होते तिथंच आता त्यांच्या रणगाड्यापुढे नवे अधिकारी उभे राहतात. हे वाचल्यावर नंबर प्लेटवरचा ‘२०२’ डोळे मिटूनही चुकणार नाही.

पन्नास रणगाडे, एका दिवसात

गिरगावातून रणगाडा बघायला परदेशी जायची गरजच नाही. रात्रीची एसटी पकडा, सकाळी नगर. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. सुमारे पन्नास चिलखती गाड्या ओळीनं उभ्या आहेत: रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार, ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी हा-गो आणि ची-हा, आपला विजयंता, फ्रेंच एएमएक्स-१३, रशियन पीटी-७६, शिवाय पाकिस्तानकडून हिसकावलेले पॅटन आणि शॅफी. माझं स्पष्ट मत आहे, मुंबईतल्या प्रत्येक मॉडेलवाल्यानं पहिला किट उघडायच्या आधी ही वारी करावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. म्युझियममधून आकार घ्यावा, रंग घेऊ नये. उघड्यावर उभ्या गाड्यांना दर काही वर्षांनी नवा रंग चढतो आणि रंगवणाऱ्याच्या डब्यात १९६५ चा हिरवा असेलच असं नाही. वेल्डिंगच्या रेघा, बोल्टांची संख्या, मडगार्डवरचे पोचे, दिव्यांच्या जाळ्या हे सगळं मात्र खरंखुरं. एक वीत मोजून ठेवा आणि प्रत्येक फोटोत हात ठेवा, घरी आल्यावर मोजमाप काढता येतं.

जाता जाता शेजारधर्माची एक गोष्ट. इंग्लंडमधलं बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम या छंदाची पंढरी. १९२३ मध्ये तिथं पडलेले जुने रणगाडे पाहून म्युझियम करा असं सुचवणारा पाहुणा होता रुडयार्ड किपलिंग. जन्म, १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. धोबीतलाव ओलांडलं की आलंच!

कुठला पॅटन?

‘पॅटन’ म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण पाकिस्तानकडे पॅटन दोन जातींचे होते. एम-४७ चं टरेट लांबट, पुढे निमुळतं, माणसं पाच. एम-४८ चं टरेट गोल, पालथ्या वाडग्यासारखं, माणसं चार. एम-४७ मध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी एक मशीनगनवाला बसतो, एम-४८ मध्ये ती जागाच नाही. तोफ दोघांचीही ९० मिलिमीटर. फोटोत धूर आणि झाडी असली की टरेटच तेवढं दिसतं, म्हणून टरेटवरून जात ओळखता आलीच पाहिजे.

वाळवंट नको, ऊस लावा

पाकिस्तानी पॅटन म्हटलं की बरेच जण खाली पिवळी वाळू पसरतात. पण पॅटनचा खरा पाडाव झाला पंजाबात, खेमकरणजवळच्या असल उत्तर गावी, ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला. तिथं उभा ऊस होता. आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं भिजवली, जड पॅटन चिखलात रुतले, आणि उसात दडलेल्या आपल्या रणगाड्यांनी बाजूनं गोळे घातले. हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या रिकॉइललेस गननं पॅटन टिपले आणि परमवीर चक्र मिळवलं. भारतीय आकड्यांनुसार पाकिस्ताननं तिथं ९७ रणगाडे गमावले. पकडलेले रणगाडे भिखीविंडला रांगेत मांडले, त्या जागेला नाव पडलं पॅटन नगर.

त्या उसात डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे होते, दुसऱ्या महायुद्धातले जुने. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य. आपले अलिबागचे! त्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये बसंतरला चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व करून त्यांनी दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळवलं आणि १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. १९६५ ला संरक्षणमंत्रीही मराठीच, यशवंतराव चव्हाण. त्यांच्या युद्धकाळातल्या रोजनिशीवर त्यांचे सचिव राम प्रधान यांनी पुस्तक केलंय. बोल्ट त्यात सापडणार नाहीत, पण कुठल्या दिवशी दिल्लीत काय धाकधूक होती ते कळतं, आणि डायोरामाला, म्हणजे देखाव्यासकट मांडलेल्या मॉडेलला, तारीख टाकताना त्याचा उपयोग होतो.

ऊस कशाचा करायचा? झाडूच्या हिराच्या काड्या. आठ फुटांचा ऊस १:३५ ला सात सेंटिमीटर. पानांसाठी बटर पेपरच्या पट्ट्या, टोकाला मुडपलेल्या.

टरेट नसलेला रणगाडा

१ नोव्हेंबर १९४८. जोझिला, उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, बर्फ. समोरच्या खंदकांतल्या लोकांना अचानक रणगाडे दिसले! इतक्या उंचीवर रणगाडे येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून श्रीनगरला आणताना टरेट काढून वेगळी नेली होती. कारण वाटेतले पूल तेवढं वजन पेलणारे नव्हते, आणि गुप्तताही राखायची होती. पुढे इंजिनियर तुकड्यांनी खेचरांची वाट रुंद करून दिली. सूत्रधार मेजर जनरल थिमय्या, रणगाड्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’.

मॉडेलसाठी याहून सुंदर विषय मला तरी ठाऊक नाही. ट्रकवर ताडपत्रीखाली झाकलेलं टरेट आणि मागे भोक उघडं पडलेला स्टुअर्ट. बघणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘अर्धाच का केलास?’ आणि मग त्याला सगळी गोष्ट सांगता येते.

काळ्या-पांढऱ्याचा चकवा

पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या फोटोंत लाल रंग काळा दिसतो आणि निळा फिकट. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाश टिपायचीच नाही. म्हणून जुन्या फोटोत काळं दिसलेलं चिन्ह खरं तर लालभडक असू शकतं. जर्मन रणगाड्यांवरच्या खरबरीत लेपाची गंमत वेगळी. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून झिमेरिट नावाचा हा लेप १९४३ च्या शेवटापासून कारखान्यात लावत आणि सप्टेंबर १९४४ ला तो बंद झाला. लेप दिसला की गाडी कधी बाहेर पडली ते वर्षभराच्या आत सांगता येतं.

आपल्या लष्करी गाड्यांची नंबर प्लेटही बोलते. वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं साल. टरेटवरची भौमितिक चिन्हं ब्रिटिश वारशातली: ए स्क्वॉड्रनला त्रिकोण, बी ला चौकोन, सी ला वर्तुळ, मुख्यालयाला तिरका उभा केलेला चौकोन. १९६५ ला सियालकोटला लढलेल्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची खूण हत्ती. हा हत्ती १:३५ ला हातानं रंगवायचा म्हणजे तीन केसांचा ब्रश आणि रोखलेला श्वास.

हलती चित्रं बघायची तर पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनची १९४८ पासूनची वार्तापत्रं आहेत. पूर्वी थिएटरात सिनेमाच्या आधी हीच लागायची. चालत्या रणगाड्याचे पट्टे वरच्या बाजूला किती सैल पडतात, धूळ कुठून कशी उडते, माणसं टरेटवर कशी बसतात, हे स्थिर फोटोत दिसत नाही.

सामान पायी अंतरावर

किट बाहेरून येईल, पण बाकी सगळं गिरगावच्या आसपास मिळतं. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत सोनारांची हत्यारं: बारीक चिमटे, कानशी, केसाएवढे ड्रिल बिट, डोळ्याला लावायचं भिंग. लॅमिंग्टन रोडला वायर. जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा सोलून, दोन-तीन एकत्र पिळल्या की टोइंगचा दोर तयार. चोरबाजारात नशीब असेल तर जुनी लष्करी मासिकं.

आणि सेंच्युरियनची खास जागा म्हणजे तोफेच्या मुळाशी असलेलं कॅनव्हासचं आवरण. किटमध्ये ते गुळगुळीत प्लास्टिकचं येतं आणि तिथंच मॉडेल खोटं दिसतं. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करायचा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवायचा आणि ओला असतानाच टूथपिकनं घड्या पाडायच्या. तोफ वर असली तर खालच्या घड्या ताणलेल्या, वरच्या चुरगळलेल्या. तोफ खाली असली तर उलट. त्यामुळे तोफ कुठल्या कोनात ठेवायची ते आवरण चढवण्याआधीच ठरवा, नंतर हलवलीत तर कागद फाटेल.