विरोधी नेत्याविषयी लिहिताना : डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या निमित्ताने

दरवर्षी १६ जानेवारी जवळ आली, की गोव्यात डॉ. जॅक सिक्वेरा यांचे नाव नव्याने चर्चेत येते. काहींच्या लेखी ते गोव्याची वेगळी ओळख राखणारे, जनमत कौलाचे जनक. काहींच्या लेखी ते मराठी भाषक बहुजन समाजाच्या आकांक्षेच्या आड उभे राहिलेले भाटकारी वर्गाचे प्रतिनिधी. विधानसभा संकुलात त्यांचा पुतळा असावा की नसावा, यावरही दोन तट पडतात. १९१५ साली जन्मलेल्या आणि १९८९ साली निवर्तलेल्या या विरोधी पक्षनेत्याविषयी आजही शांतपणे लिहिणे कठीण जाते. असा नेता शब्दांत मांडताना तटस्थता म्हणजे नेमके काय आणि आधार कोणते घ्यावेत, हे समजून घेण्यास म्हणूनच दुसरे इतके जवळचे उदाहरण मिळणार नाही.

वाद कोठे संपतो, नोंद कोठे सुरू होते

पहिली पायरी म्हणजे ज्याविषयी कोणाचाच वाद नाही ते वेगळे काढणे. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीनीकरण हे ध्येय सांगणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनविले. युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या आणि डॉ. सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतील बहुमताने व्हावा, ही सत्ताधारी पक्षाची भूमिका होती. तो थेट मतदारांनी द्यावा, ही विरोधकांची. केंद्र सरकारने दुसरा मार्ग स्वीकारला, संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ‘फूल’ हे विलीनीकरणाचे चिन्ह होते, तर ‘दोन पाने’ हे संघप्रदेशाचे.

एवढा मजकूर दोन्ही बाजूंच्या वाचकाला मान्य होण्याजोगा आहे. त्यापुढचे बरेचसे विवेचन हे अर्थ लावणे होय, आणि तो अर्थ कोणी लावला हे सांगणे लेखकाचे कर्तव्य ठरते. ‘जनमत कौलाचे जनक’ हे बिरुद याचे उत्तम उदाहरण. ही मागणी सिक्वेरा यांनी नेटाने लावून धरली, हे खरे. परंतु निर्णय केंद्राचा होता, कायदा संसदेचा होता आणि दिल्लीत हा प्रश्न मांडणाऱ्यांत काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांच्यासारखे इतर पक्षांतील नेतेही होते. म्हणून ‘जनक होते’ असे विधान करण्यापेक्षा ‘समर्थक त्यांना जनक मानतात’ असे लिहिणे अधिक अचूक ठरते. त्यात नेत्याचा अवमान होत नाही. केवळ बिरुद कोणाचे, हे स्पष्ट होते.

साक्षीदार स्वतःच पक्षकार असतो तेव्हा

त्या काळाची वर्तमानपत्रे हा अभ्यासकाचा सहज हाताशी येणारा आधार. पण येथेच खरी अडचण आहे. ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते, तर ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विरोधात. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर ‘राष्ट्रमत’मधूनच गाजले. दोन्ही दैनिके मराठी होती, हे विशेष. तेव्हा ‘मराठी वाचक म्हणजे विलीनीकरणवादी’ हे समीकरण त्या काळातही खरे नव्हते.

अशा वृत्तपत्रांचे मोल कमी नाही, पण त्यांच्याकडून काय सिद्ध होते हे ओळखावे लागते. विरोधी वृत्तपत्राने सिक्वेरा यांच्यावर केलेला आरोप एवढेच सिद्ध करतो, की असा आरोप त्या दिवशी झाला. तो खरा होता, हे त्यावरून ठरत नाही. याउलट, एखाद्या पत्राने आपल्याच बाजूस अडचणीची ठरणारी गोष्ट छापली असेल, तर तिला अधिक वजन येते. दोन परस्परविरोधी पत्रांत एकच तपशील सारखा आढळला, तर तो बहुधा विश्वासार्ह असतो. मात्र पन्नास लेखांत एकच किस्सा आला आणि ते सारे लेख एकाच जुन्या आठवणीवरून उतरवलेले असले, तर तो पन्नास आधारांचा नव्हे, एकाच आधाराचा किस्सा होय.

विधानसभेच्या कामकाजाच्या नोंदी, राजपत्र, निवडणुकीचे अधिकृत निकाल हे आधार वरच्या श्रेणीचे. तरी सभागृहात एखादे वाक्य उच्चारले गेले याची खात्री नोंद देते, त्या वाक्याच्या सत्यतेची नाही. गौरवग्रंथ, पुण्यतिथीचे लेख आणि कार्यकर्त्यांच्या आठवणी यांतून त्या काळाचे वातावरण कळते. तारखा व आकडे मात्र त्यांतून परस्पर उचलू नयेत. अभ्यासकांची पुस्तके दोन्हींच्या मध्ये उभी असतात. पराग परोबो यांनी बांदोडकर आणि बहुजन समाजाच्या उदयावर लिहिलेला ग्रंथ वाचल्याशिवाय सिक्वेरा यांच्या विरोधकांची प्रेरणा समजत नाही, आणि ती न समजता सिक्वेरा यांनाही न्याय देता येत नाही.

एकच निकाल, तीन टक्केवाऱ्या

आकडे तटस्थ असतात, हा समजही तपासून घ्यावा. गोव्यात ३,८८,४३२ मतदार होते. ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. आता हाच निकाल तीन तऱ्हांनी सांगता येतो. वैध मतांच्या हिशेबाने संघप्रदेशाला ५५.४८ टक्के मिळाले. झालेल्या एकूण मतदानाच्या हिशेबाने ५४.२१ टक्के. आणि एकूण मतदारांच्या हिशेबाने ४४.३३ टक्के. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ‘निम्म्याहूनही कमी गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले’ असे वाक्य लिहिणारा त्याच मापाने विलीनीकरणाला ३५.५७ टक्केच मिळाले, हे लपवीत असेल तर तो खोटे न बोलता वाचकाची दिशाभूल करतो. टक्का कशाचा, हे सांगणे आणि दोन्ही बाजूंना एकच माप लावणे, एवढी काळजी घेतली तरी अर्धे काम होते.

दुसरा सावधगिरीचा मुद्दा मतदारांच्या धर्माचा. ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ अशी त्या कौलाची मांडणी वारंवार होते. मतदान गुप्त होते, मतपत्रिकेवर धर्म नव्हता. ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून कमी असल्याने संघप्रदेशाला अनेक हिंदू मते पडली असावीत, हा तर्क सयुक्तिक आहे, आणि रवींद्र केळेकर, चंद्रकांत केणी, उल्हास बुयांव यांच्यासारख्यांचा सहभाग त्याला पुष्टी देतो. तरीही तो तर्क आहे, मोजणी नव्हे. लिहिताना तो तर्क म्हणूनच लिहावा.

दोन्ही बाजूंना न रुचणारे तपशील

तटस्थ लेखाची एक कसोटी अशी, की त्यात प्रत्येक बाजूला अप्रिय वाटणारी एखादी तरी सत्य गोष्ट असते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या सरकारने कौलापूर्वी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला, अशी विरोधकांचीच मागणी होती. ही नोंद विरोधकांच्या मुत्सद्देगिरीची जशी आहे, तशीच सत्ता सोडून कौलाला सामोरे जाणाऱ्या बांदोडकरांचीही. गोव्याबाहेरील गोमंतकीयांना मतदानाचा अधिकार मिळावा, ही युनायटेड गोवन्सची मागणी मात्र मान्य झाली नाही. कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ च्या निवडणुकीत, त्याच मतदारांनी मगो पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले आणि युनायटेड गोवन्स पुन्हा १२ जागांवर राहिला. विलीनीकरण नाकारणारा मतदार बांदोडकरांना नाकारीत नव्हता. सिक्वेरा यांच्या यशाचा आणि मर्यादेचा अर्थ या एका तपशिलाशिवाय लागत नाही.

कौलाला नसलेले अर्थ चिकटविणेही टाळावे. पर्याय दोनच होते, महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा संघप्रदेश. घटक राज्याचा प्रश्न त्यात नव्हता, तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. राजभाषेचा निर्णयही त्या दिवशी झाला नाही, राजभाषा कायदा १९८७ चा आहे.

क्रियापदांची निवड

पक्षपात पुष्कळदा क्रियापदात दडलेला असतो. सत्ताधारी ‘स्पष्ट करतात’, विरोधक ‘कांगावा करतात’. एकजण ‘निदर्शनास आणून देतो’, दुसरा ‘गरळ ओकतो’. ‘कबूल केले’ म्हटले, की अपराध गृहीत धरला जातो. ‘दावा केला’ म्हटले, की शंका. ‘म्हणाले’ हा साधा शब्द बहुतेक वेळा पुरेसा असतो. ‘वादग्रस्त’ या विशेषणाचेही तसेच. वाद कोणता, कोणी उभा केला आणि त्याचे पुढे काय झाले, हे सांगितले तर विशेषणाची गरज उरत नाही. ते सांगितले नाही तर विशेषण हा केवळ डाग ठरतो.

हयात नेत्यांविषयी अधिक काटेकोरपणा

सिक्वेरा इतिहासजमा झाले. आजच्या विरोधी नेत्याविषयी लिहिताना हीच शिस्त अधिक कडकपणे पाळावी लागते, कारण चुकीची किंमत हयात माणूस मोजतो आणि मतदारही. तक्रार, पोलिसांतील गुन्ह्याची नोंद, आरोपपत्र, न्यायालयाने ठेवलेले आरोप आणि दोषसिद्धी या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवरील प्रकरण वरच्या पायरीच्या शब्दांत मांडणे हा अन्याय, आणि निर्दोष सुटकेची बातमी कोपऱ्यात छापणे हा त्याचाच उत्तरार्ध. उमेदवाराचे निवडणूक प्रतिज्ञापत्र प्रलंबित खटले व मालमत्ता यांसाठी प्राथमिक आधार आहे, मात्र ते त्याचे स्वतःचे निवेदन आहे हे विसरू नये. भारतीय प्रेस कौन्सिलच्या निकषांतही प्रसिद्धीपूर्व पडताळणी, वस्तुस्थिती व भाष्य यांतील भेद आणि संबंधितास उत्तराची संधी यांवर भर आहे.

तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना समान ओळी वाटणे नव्हे. एका बाजूकडे पुरावा असेल आणि दुसरीकडे केवळ घोषणा, तर तेही लिहावे लागते. भाऊसाहेबांवर श्रद्धा असणाऱ्या वाचकाला सिक्वेरा यांच्यावरील लेखात आपला नेता ओळखू यावा आणि सिक्वेरा यांना मानणाऱ्यालाही आपला, इतपत समतोल साधला तर तो लेख उद्याच्या अभ्यासकाला आधार म्हणून उपयोगी पडेल. नाहीतर तोही जुन्या प्रचाराचाच आणखी एक अंक ठरेल.